जमिनीखालचा सातबारा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी जुन्नर-आंबेगावकडचा. काल रात्री नारायणगावला एसटीत बसलो आणि सकाळी तुमच्या कापूस-ज्वारीच्या मुलखात उतरलो. स्टँडवर न्यायला आलेल्या कार्यकर्त्याने चहा सांगायच्या आधीच टोमणा मारला. म्हणाला, "तुमच्याकडं काय साहेब, पाच-पाच धरणं! तुम्ही आम्हा कोरडवाहूवाल्यांना पाण्याचं काय सांगणार?"

धरणे पाच आहेत, खोटे नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाचही कुकडी प्रकल्पाची. पण कालव्याचे पाणी उताराने जाते, गावाची गरज बघून जात नाही. ते जाते शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे. जावे, तिथेही शेतकरीच आहेत. पण जुन्नरच्या पूर्वेचे आणे पठार उंचावर राहते आणि आंबेगावच्या पूर्वेकडची लोणी-धामणीची गावे कालव्याकडे नुसती बघत राहतात. आमच्याकडे पश्चिमेला भीमाशंकरच्या अंगाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत पूर्वेला या, पाऊस पाचशे-सहाशेवर येतो. त्या पूर्वेच्या पट्ट्यात माझे घर. ज्वारी-बाजरीवर वाढलो. तेव्हा बागायतदाराचे भाषण ऐकायला बसलो आहोत असे कुणी समजू नये.

आजचा विषय आहे सरकारची भूगर्भ मोजणी. मोजणी म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. आमच्या पुणे जिल्ह्यात १८२७-२८ च्या सुमाराला प्रिंगल नावाच्या साहेबाने जमिनीची मोजणी आणि प्रतवारी केली. कागदावर फार हुशारीची होती. त्या मोजणीवर असा सारा बसला की कुणबी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी केली. आजचा सर्व्हे नंबर त्या परंपरेतला. म्हणजे सरकारने आपली जमीन पहिल्यांदा नीट मोजली ती सारा वसूल करायला.

त्यानंतर सरकारने आणखी दोन गोष्टी नीट मोजल्या. एक खनिज आणि दुसरी धरणाची जागा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची स्थापना १८५१ ची. कंपनी सरकारला कोळसा हवा होता म्हणून तो विभाग जन्माला आला. आज महाराष्ट्राचे स्वतःचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपूरला आहे. चंद्रपूर-यवतमाळचा कोळसा आणि चुनखडी, नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज, गडचिरोलीचे लोखंड, हे सगळे कसे शोधतात माहीत आहे? ठराविक अंतरावर भोके घेतात. खडकाची कांडी अख्खी बाहेर काढतात, पेटीत क्रमाने लावून ठेवतात, तपासतात. लिलावाआधी सांगतात की इथे इतके टन माल आहे, इतक्या प्रतीचा आहे. धरणाच्या भिंतीखालीही असाच शोध घेतात. डिंभ्याची किंवा माणिकडोहची भिंत कुणी नारळ हातावर धरून उभी केलेली नाही.

आणि आपली विहीर? तिला पाणाड्या. कडुनिंबाची बेचकी, नाहीतर तळहातावर नारळ. ते नसेल तर पायाळू माणूस. कोटीची खाण शास्त्राने ठरते आणि शेतकऱ्याची उभ्या जन्माची कमाई बेचकीवर ठरते.

तुम्ही म्हणाल, आमच्या मुलखात कुठले आले खनिज? बरोबर आहे. खनिजांच्या नकाशात माझे जुन्नर आणि तुमचा हा जिल्हा जवळजवळ कोरे आहेत. महाराष्ट्राचा शंभरातला सुमारे ८२ भाग एकाच काळ्या खडकाचा आहे. बेसाल्ट म्हणतात, आपण काळा पाषाण म्हणतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून थरावर थर बसले, तो हा खडक. नांदेडचा पूर्वेकडचा थोडा भाग सोडला तर सगळा मराठवाडा याच्यावर बसला आहे. तुमच्या कपाशीची काळी माती याच खडकाची झीज होऊन झाली. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या एका गटाला भीमाशंकरचे नाव दिले आहे. म्हणजे माझ्या गावाकडचा पाषाण आणि तुमचा पाषाण भाऊबंदच. या खडकात दगड, मुरूम आणि नदीतली वाळू सोडली तर काढून विकण्यासारखे फारसे काही नाही. मग आपले खनिज कोणते? पाणी. ते जगात कुठल्याही खनिजाइतके मोलाचे आहे, आणि तेच सर्वांत ढिलाईने मोजले जाते.

आमच्याकडची गंमत ऐका. जुन्नर तालुक्यात खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, जगभरचे शास्त्रज्ञ येतात, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकतात. तालुक्यातच कुकडीच्या काठी बोरी बुद्रुकला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात त्याचा अभ्यास जगापुढे मांडला. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. ती कोणत्या स्फोटातली, पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून कितीतरी जुन्या, यावर पंडितांचे भांडण झाले. मला या लोकांचा राग नाही, अभिमान आहे. फक्त इतके वाटते, की सुमात्राची राख ज्या बारकाईने मोजली, त्याच्या निम्म्या बारकाईने बोरीच्या शेजारच्या विहिरीतले पाणी मोजले असते, तर त्या गावच्या माणसाने बोअरसाठी कर्ज काढताना दोनदा विचार केला असता.

पाण्याची मोजणी होतच नाही असे मी म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराला राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली. तिने राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडले. प्रत्येकाला क्रमांक दिला. आमच्या भीमा खोऱ्यातले क्रमांक 'बीएम' ने सुरू होतात. सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी धरल्या आणि त्यांची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर. यावरून पाणलोट सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित ते ठरते. काम चांगले आहे. पण हिशोब करा. महाराष्ट्र तीन लाख सात हजार चौरस किलोमीटरचा. भागिले ३,९००. एका विहिरीमागे सुमारे ७८ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास वीस हजार एकर. वीस हजार एकराची नाडी एका विहिरीवरून बघायची! अलीकडे जलस्वराज्यच्या दुसऱ्या टप्प्यात गावोगावच्या विहिरी धरून मोजणी वाढवली, हे मान्य. पण तुमच्यापैकी किती जणांना आपल्या गावची ती विहीर कोणती हे ठाऊक आहे? हात वर करा. (सभेत तीन हात वर झाले.) तीन. मग ही मोजणी कुणासाठी झाली?

आता खडकाकडे येऊ, कारण तिथेच खरी मेख आहे. हा पाषाण म्हणजे भाकऱ्यांची चवड समजा. भाकरी तव्यावर फुगते, वरचा पापुद्रा पोकळ, खालचा भाग घट्ट. लाव्हाचा थरही तसाच. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून भोके राहतात. तो पुढे कुजतो, ठिसूळ होतो, त्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. पाणी राहते ते याच्यात आणि भेगांत. खाली अखंड पाषाण, त्यात भेग नसेल तर पाणी नाही. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूची पट्टी. आमच्या जुन्नरभोवती दोनशेहून जास्त कोरीव लेणी आहेत, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या कड्यात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी घट्ट थर ओळखला नसता तर छत टिकले नसते. लेण्याशेजारी पाण्याची टाकी खोदली, शिलालेखात तिला 'पोढी' म्हटले आहे. त्यांच्याकडे पदवी नव्हती. 

माझ्याकडे पदवी होती. राहुरीहून नुकताच बाहेर पडलो होतो. २००३ चा दुष्काळ. आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. वडील म्हणाले, बोअर घेऊ. मी पदवीधर मुलगा, मी काय म्हणावे? मला माती शिकवली होती ती तीन-चार फुटांपर्यंत. त्याखालचा खडक दुसऱ्या खात्याचा, परीक्षेत न येणारा. मीही मान डोलावली. पाणाड्या आला, नारळ उभा राहिला, गाडी लागली. २८० फूट नुसता धुरळा. दुसरा नारळ, दुसरे बोअर, पुन्हा धुरळा. तिसऱ्याला आईच्या पाटल्या गेल्या. तिसऱ्यात पाणी लागले, चार महिने चालले, आणि त्याच चार महिन्यांत खालच्या अंगाच्या चुलत्याची विहीर आटली. दोन घरांत बोलणे बंद झाले ते वडील गेले तेव्हा सुरू झाले.

पुढे काही वर्षांनी संघटनेच्या कामासाठी एका सरकारी कचेरीत बसलो होतो. सहज एक फाईल उघडली. त्यात आमच्या गावच्या हातपंपाच्या भोकाची नोंद. १२ फुटांपर्यंत मुरूम, ३८ पर्यंत मांजऱ्या, मग गेरू, आणि त्याखाली २६० फुटांपर्यंत अखंड काळा पाषाण, कोरडा. तो हातपंप आमच्या बोअरपासून दीड-दोनशे पावलांवर. नोंद आमच्या पहिल्या बोअरच्या कितीतरी वर्षे आधीची. तो कागद कुणी लपवला नव्हता. कुणी मागितला नव्हता. तिथल्या माणसाने मला चहा पाजला आणि म्हणाला, "शेतकरी कधी विचारायला येतच नाहीत." मी काय उत्तर देणार? आईच्या पाटल्या त्या फाईलमध्ये होत्या.

म्हणून आज पाण्याचा हिशोब तुमच्या समोर मांडतो. पेन असेल तर लिहून घ्या. आपला खडक पाणी फार थोडे धरतो, शंभर घनमीटरला एक ते तीन घनमीटर. दोन धरा. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एका एकराखाली पाणीपातळी एक मीटरने उतरली तर हाती येते ८१ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे आठ टँकर. कपाशीला किंवा रब्बी ज्वारीला दोन इंचाचे, म्हणजे पाच सेंटिमीटरचे एक संरक्षक पाणी द्यायचे तर एकराला लागते दोन लाख लिटर. म्हणजे एका पाण्याला एकराखालची पातळी अडीच मीटर खाली जाते. आता जमेची बाजू. वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस धरला तर एकरावर चोवीस लाख लिटर पडतो. त्यातला काळ्या पाषाणात शंभराला आठच्या आसपास मुरतो. किती झाले? एक लाख नव्वद हजारांच्या पुढे. ढोबळ हिशोब आहे, जमिनीगणिक कमीजास्त होईल. पण अर्थ असा की आपल्या एकराला आपल्या पावसातून भूजलाचे एक पाणी मिळते. एकच. त्यातच घरचे, गुराढोरांचे पिणे आले. ज्याच्या शेतात बारमाही पाणी चालते, तो बाकीच्या एकरांचे पाणी ओढतो. तो चोर आहे असे मी म्हणत नाही. मीही तेच केले होते. पण पाचशे फुटांच्या बोअरने पाणी वाढत नाही, ते शेजाऱ्याच्या मांजऱ्यातून भेगेभेगेने खाली येते, इतके तरी समजून घ्या.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे ती पाण्याची वाटणार नाही, पण ती याच थराची आहे. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माळीण नावाचे गाव होते. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला. १५१ माणसे गेली. रोजची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. मी दुसऱ्या दिवशी तिथे होतो. त्याबद्दल फार बोलवत नाही. उतारावरची कुजलेली मुरमाड माती, खाली घट्ट खडक, आणि दोन्हीच्या मध्ये साचलेले पावसाचे पाणी. जो थर आपल्या विहिरीला पाणी देतो तोच उतारावर जास्त पाणी प्याला की सुटतो. कुणी उतारावर जेसीबीने केलेल्या सपाटीकरणाला दोष दिला, कुणी तो नाकारला. त्यानंतर सरकारी भूवैज्ञानिक आले, धोक्याच्या गावांच्या याद्या झाल्या, देशभर दरडींचे नकाशे काढायचे काम हाती घेतले. वाचलेल्यांना आमडे इथे घरे मिळाली, २०१७ साली. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी गेली. सरकारनेच विधानसभेत सांगितले, की ती वाडी दरडींच्या यादीत नव्हती.

यादीत नव्हती! म्हणजे नकाशा वाडीपर्यंत पोचला नव्हता, आणि वाडीला जे माहीत असेल ते नकाशापर्यंत पोचले नव्हते. डोंगरावरच्या म्हाताऱ्याला कुठला झरा यंदा नव्या जागी फुटला हे दिसत असते. त्याला विचारतो कोण?

कायद्याचे थोडक्यात सांगतो. जमिनीखाली काय आहे ते कुणाचे? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका खटल्यात सांगितले, की कायद्याने काढून घेतली नसतील तर जमिनीखालची खनिजे जमीनमालकाची. पण आपल्याकडे जमीन महसूल संहितेचे कलम ४८ आहे, ते खनिजांवर सरकारचा हक्क सांगते. म्हणून मुरूम विकायला काढला की तलाठी दारात. पाण्याचे उलटे. १८८२ च्या जुन्या कायद्यापासून आपल्या जमिनीखालचे पाणी उपसायची मुभा आपल्याला आहे. आता महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ आला, २०१४ पासून लागू झाला. त्यात विहिरींची नोंदणी आहे, साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत, अधिसूचित क्षेत्रात उपशावर निर्बंध आहेत. आमचे म्हणणे सरळ आहे. विहीर मोजायला सरकारला वेळ आहे, तर विहिरीखालचा खडक दाखवायलाही हवा. आधी गावाचा नकाशा ग्रामपंचायतीत टांगा, मग बंधनाचे बोला. पण आपणही कान धरायला हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे स्वतः ठरवले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. त्यांना कुठल्या अधिनियमाने सांगितले नव्हते. हे आपल्याला जमत नसेल, तर सरकारला शिव्या देण्यात अर्धीच हौस फिटते.

आता कामाचे. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल यंत्रणेचे वरिष्ठ भूवैज्ञानिक बसतात. प्रत्येक गावातून दोघांनी तिथे जायचे. आपल्या गावाच्या पाणलोटाचा क्रमांक विचारायचा, तो कोणत्या वर्गात आहे ते विचारायचे, निरीक्षण विहीर कोणती आणि तिच्या मागच्या नोंदी काय ते विचारायचे. गावात आजवर झालेल्या सरकारी हातपंपांच्या भोकांच्या थरवार नोंदी मागायच्या. सौजन्याने मागायच्या, माणसे बहुतेक देतात. नाही मिळाल्या तर माहिती अधिकाराचा अर्ज. या नोंदी गावातल्या शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या, कुठे मुरूम किती, मांजऱ्या किती, पाषाण कुठून. पुढच्या माणसाने बोअरच्या गाडीला फोन लावायच्या आधी ती भिंत बघावी. पाणाड्याला बोलवायचे तर बोलवा, पण भिंतीसमोर उभा करून बोलवा.

दुसरे काम घरचे. दोरीला दगड बांधा, हातहातावर गाठ मारा. विहिरीच्या कठड्यावर एकच खूण ठरवा, तिथूनच मोजायचे. सकाळी मोटर चालू करायच्या आधी. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, सरकार मोजते त्याच महिन्यांत, म्हणजे त्यांची नोंद आणि आपली नोंद शेजारी शेजारी ठेवता येईल. हे काम बायाबापड्यांनी धरले तर उत्तम. आमच्याकडे चार गावांत सुरू आहे, त्यातल्या दोन गावांत वह्या बायकांकडे आहेत आणि त्या दोनच वह्यांत खाडा नाही.

पुढची बैठक फेब्रुवारीत आहे. येताना जानेवारीची नोंद आणि पाणलोटाचा क्रमांक घेऊन या. मी माझ्या विहिरीची वही आणतो. चुलत्याच्या विहिरीचीही आणतो, आता तीही मीच लिहितो.